पोर्तुगीजांच्या टायमाची खोली

बेलापूरच्या किल्ल्याजवळच्या आमच्या गावात कोन भिंतीकडं जरा जास्त वेळ बघत उभा राह्यला, की समजायचं, किस्सा तयार! नवं शहर दारापर्यंत आल्यापासनं गावाला एकच डाऊट, हा मानूस घरं मोजायला आलेला सर्व्हेवाला तर नाय? त्या डाऊटपायी इतके किस्से जमलेत, की नाक्यावर बसलो तर संध्याकाळ पुरत नाय.

*

एकदा एक छत्रीवाला माझ्या आत्याच्या घरासमोर थांबला. खांब ठोकून बघितला, कौलं बघितली, मागनं पन चक्कर मारली. आत्या ओरडली, "मेला मोजायला आला!" आनि मासे धुतलेलं पानी थेट अंगावर!

तो निघाला सुरेशदादाचा होनारा सासरा! सुरेशदादा म्हंजे आत्याचा मुलगा. पोरगी द्यायच्या आधी गुपचूप घर बघायला आलेला.

छत्री झटकत म्हनाला, "घर बघितलं. सासू पन बघितली!"

*

तरी सोयरीक जमली. अट एकच, नव्या जोडीला वेगळी खोली पायजे. आत्यानं घराला लागून खोली काढली. सदा गवंड्यानं भिंती उभ्या केल्या, फक्त खिडकी राह्यली. कधी पन विचारा, म्हनायचा, "उद्या बसवतो!" खिडकीच्या जागी गोनपाट लटकत होतं.

तेवढ्यात गावात बातमी, नव्या शहराचे हापिसवाले जुनी घरं ठेवनार, नवी तोडनार! आत्याला टेन्शन. खोली गेली की सोयरीक गेली.

मी म्हनलो, "आत्या, खोलीला म्हातारी करू या!"

मी नि माझा दोस्त पक्या, आमी काजळी, शेन, खाडीचा चिखल कालवून भिंतींना फासला. पक्याला अक्कल जास्त. रंग चढावा म्हनून त्यानं वरनं गुळाचं पानी मारलं. सकाळी बघतो तर भिंत एकदम काळीकुट्ट! जवळ गेलो. भिंत चालत होती. सगळ्या मुंग्या!

मग आमचं बघून अख्खी आळी म्हातारी झाली. तरुन राह्यला फक्त पक्याचा बाप. तो कलप लावायचा!

*

एका रविवारी झोळी नि कॅमेरा घेऊन एक जन एस्टीतनं उतरला. हातात स्वतः काढलेला नकाशा. म्हनाला, "जुन्या इमारती बघत एकटाच फिरतोय. किल्ल्याचा बुरूज कुठं?"

एकटा? सुट्टीच्या दिवशी? उन्हात? आनि फुकट? डाऊट पक्का!

पक्यानं त्याला विहिरीवरनं डावीकडं पाठवला. पुढच्या वळनावर मी, मी पन डावीकडं. फिरून तो परत त्याच विहिरीवर! परत डावीकडं, परत विहीर! दर वेळी फोटो काढत होता.

शेवटी घाम पुसत म्हनाला, "कमाल आहे! तुमच्या गावातल्या सगळ्या विहिरी एकसारख्याच बांधल्यात!"

*

तोच झोळीवाला फिरत फिरत आत्याच्या खोलीसमोर आला आनि थांबला. भिंतीवरनं हात फिरवला. "मावशी, किती जुनी?"

आत्या डोळे बारीक करून म्हनाली, "माज्या सासऱ्याच्या सासऱ्याची हाय."

मी जोडलं, "पोर्तुगीज इथं जेवायला यायचे!"

तेवढ्यात जीप आली. खरे हापिसवाले! साहेब उतरला, खोलीकडं बघून म्हनाला, "ही नवी दिसतेय."

आत्याचा चेहरा पडला. पन झोळीवाला हात पसरून भिंतीला चिकटून उभा! "हात लावायचा नाही! दोन-तीनशे वर्षांची भिंत आहे ही! हा थर बघा, हा वास बघा!"

साहेबानं नाक लावलं. "वास तर परवाच्या शेनाचा येतोय."

"तीच तर त्या जुन्या कारागिरांची कला!"

साहेब विचारात पडला. आनि नेमका तेव्हाच सदा गवंडी थापी घेऊन हजर! आयुष्यात पैल्यांदा वेळेवर!

"आत्या, तेवढी खिडकी बसवू का आज?"

साहेब सदाकडं बघतोय, सदा आमच्याकडं. आत्यानं पदर खोचला नि म्हनाली, "बघा ना साहेब! पोर्तुगीजांच्या टायमापासनं उद्या-उद्या करतोय हा मेला!"

साहेब पोट धरून हसला. हसत हसतच जीपमदी बसला, जीप मागं फिरली.

आनि झोळीवाला? तो सदाच्या पाया पडत होता!