वीतभर उंचीची ओटी

ठमाबाईचा आवाज पनवेलच्या मासळी बाजारात सगळ्यांच्या ओळखीचा होता. टोपलीत निवट्या असोत की कोलंबी, ती एकदा ओरडली की पलीकडच्या गल्लीतला शिंपी मशीन थांबवायचा. पण मासळी हे तिचं पोटाचं काम. खरं काम होतं धवल्याचं, लग्नातल्या गाण्यांचं. ती धवलारीण होती. खाडीकाठच्या गावांत लग्न असलं की मांडवात बसून देवांना, पितरांना, नदीला, डोंगराला नावानिशी हाक मारायची आणि त्यांच्या साक्षीनं नवरा-नवरीला हळद लावायची. भटजी नंतर. आधी ठमाबाई.

धवल्याची रीत अशी की, धवलारणीनं एक ओळ म्हणायची आणि मागं बसलेल्या बायकांनी ती जशीच्या तशी उचलायची. विचार करायचा नाही. श्वास घेतल्यासारखी ओळ आत घ्यायची आणि बाहेर सोडायची. ठमाबाईनं हे धवले आईकडून घेतले होते. देताना आईनं एकच अट घातली होती. "बाय, बाजारात मासा ताजा हाय म्हनून खोटं बोल, मी काय बोलनार नाय. पन मांडवात तुज्या तोंडून खोटं जाता कामा नये. तिथं देव बसलेला असतो."

ती अट ठमाबाईनं पाळली. मांडवाबाहेर मात्र ती एकोणीस वर्षं खोटं बोलत होती.

तिचा नवरा कमलाकर डंपरवर होता. गावात गोड माणूस. कुणाचा बैल चिखलात रुतला तर पहिला धावणारा. घरात आला की त्याचे हात वेगळे व्हायचे. कारण सांगण्यासारखं कधी नसायचंच. दुसऱ्या दिवशी बायका विचारायच्या, "काय झालं गो?" आणि ठमाबाई सांगायची, "ओटीवरनं पडलू." बायका मान डोलवायच्या. ओटी सगळ्यांनी पाहिली होती.

दोन हजार नऊच्या वैशाखात विचुंब्याला प्रांजलची हळद होती. प्रांजल म्हणजे ठमाबाईची मैत्रीण आशालता, तिची धाकटी लेक. त्याच दिवशी सकाळी ठमाबाईचा खालचा ओठ फुटला. ती पदर तोंडाशी धरून मांडवात आली, चौरंगाजवळ बसली. मंडपवाला आनंदा, त्यानं माईक तिच्यापुढं ठेवला आणि चालू केला. मागं चाळीसएक बायका, हातात हळदीच्या वाट्या. बाहेर खुर्च्यांवर पुरुष, त्यांत इस्त्रीचा शर्ट घालून कमलाकर.

पहिला धवला पदराआडून झाला, हळद लागू लागली, आणि अर्धी पिवळी झालेली प्रांजल वाकून बघत म्हणाली, "मावशी, ओठाला काय झालं?"

माईकनं तो प्रश्न विचुंबेभर नेला.

"ओ..." ठमाबाईनं सुरुवात केली आणि ती थांबली. ती मांडवात होती. खोटं बोलली तर आईची अट मोडणार. खरं बोलली तर घर मोडणार, आणि नवऱ्याला सोडलेल्या बाईला धवल्याला कोण बोलावतं? गाणं गेलं तर तिच्याकडं टोपली तेवढी उरणार होती. बाहेर कमलाकर तिच्याकडं बघत होता, शांतपणे, एकोणीस वर्षांच्या खात्रीनं.

ती बोलली नाहीच. तिनं धवला लावला.

"मांडवाच्या देवा, माजा ओठ कोनी फोडला गो..."

बायकांनी सवयीनं ओळ उचलली. "माजा ओठ कोनी फोडला गो..." ओळ संपल्यावर त्यांना कळलं आपण काय म्हणालो. पण तोवर म्हणून झालं होतं.

"घरच्या धन्यानं फोडला गो..."

आता त्या थांबू शकल्या असत्या.  पण आशालतानं ओळ उचलली, तिच्यामागं कुणीतरी, मग सगळ्यांनी. त्यांतल्या कितीजणींच्या तोंडात ती ओळ दुसरीची नव्हती, स्वतःचीच होती, हे त्यांच्या आवाजावरनंच कळत होतं. खुर्च्यांवरच्या पुरुषांत चुळबूळ झाली. प्रत्येकाला वाटत होतं, आपल्याच बायकोचा आवाज जरा जास्त चढलाय.

"एकोनीस वर्सं मी ओटीवरनं पडलू गो, ओटी माजी वीतभर उंच गो..."

ही ओळ बायकांना पुरी म्हणताच आली नाही. मधेच कुणीतरी फिस्सकन हसलं आणि अख्खा मांडव फुटला. म्हाताऱ्या हसल्या, करवल्या हसल्या, नवरी इतकी हसली की कपाळाची हळद तोंडात गेली. ठमाबाईसुद्धा हसली आणि ओठातून पुन्हा रक्त आलं.

कमलाकर उठला. "बंद कर रे तो माईक!"

"धवला मधी तोडत नाय, दादा," आनंदा हात जोडून म्हणाला. "नवरीला अपशकुन होतो."

तो तसाच मांडवात शिरला. चाळीस बायका उभ्या राहिल्या. कुणी शिवी दिली नाही, कुणी हात उगारला नाही. "या भावजी, हळदीला या," आशालता म्हणाली, आणि सगळ्या वाट्या एकदम त्याच्यावर रित्या झाल्या. तो बाहेर आला तेव्हा इस्त्रीचा शर्ट, मिशा, कान सगळं पिवळं होतं. त्या अवतारात तो रस्त्यानं निघाला आणि गावची कुत्री त्याला पोचवायला गेली.

ठमाबाई आशालताकडं राहिली. सोमवारी दोघी पनवेलला कचेरीत गेल्या. घरात मारणाऱ्या नवऱ्यांसाठी नवा कायदा आल्याचं आशालतानं बचतगटात ऐकलं होतं. तिथल्या बाईंनी अर्ज लिहून घेतला आणि विचारलं, "मावशी, कुणी साक्षीदार?"

"चाळीस हायत," ठमाबाई म्हणाली. "सुरात बोलवू का बिनसुरात?"

दोन-तीन महिन्यांनी कोर्टाचा हुकूम आला. कमलाकर घराबाहेर, ठमाबाई घरात. पहिल्याच सकाळी ती ओटीवर पाय सोडून चहा प्याली. पाय जमिनीला टेकत होते.

पण धवल्याची सुपारी आली नाही. तुळशीचं लग्न झालं, मार्गशीर्ष गेला, माघ गेला. लग्नाच्या घरून नारळ-सुपारी घेऊन येणारी माणसं तिच्या दारावरनं पुढच्या गावच्या धवलारणीकडं जात. ती बाजारात बसायची, ओरडायची, आणि कधी मधेच गप्प व्हायची. मग शिंप्याचं मशीन सलग ऐकू यायचं.

फाल्गुनात शिरढोणची एक बाई टोपलीपुढं येऊन बसली. सुनीता नाव. कोलंबी उलटीसुलटी केली, नाक मुरडलं, आणि पिशवीतून नारळ काढला. वर सुपारी.

ठमाबाईचे हात ओले होते. ते तिनं पुसले नाहीत, नुसतेच हवेत धरून ठेवले. "माजं समदं ठाऊक हाय ना तुमाला?"

"ठाऊक हाय म्हनून तर आलू," सुनीता म्हणाली. "पोरगी म्हनते, ठमामावशीचा तो ओटीचा धवला झाल्याबिगर हळद लावून घेनार नाय. जावयाला बी ऐकवायचाय. तो बिचारा कवाचा हो म्हनतोय."

ठमाबाईनं ओल्या हातांनीच सुपारी घेतली. सुपारीला खवले चिकटले.

"मागं म्हननाऱ्या किती हायत तुमच्याकडं?"

"पन्नास तरी."

"हसनाऱ्या?"

"पन्नास तरी."

"मग पुऱ्या झाल्या," ठमाबाई म्हणाली, आणि टोपलीकडं वळून अशी काही ओरडली, "ए कोलंबीऽऽऽ", की पलीकडच्या गल्लीत मशीन थांबलं.