दर दोन तासांनी एक फोटो

ती घटना आजही आठवते आणि, खोटं कशाला बोलू, आठवली की मी एकटा बसलेलो असलो तरी खाली बघतो. बाकीचे किस्से मी रंगवून सांगतो. आवाज काढतो, हातवारे करतो, ऐकणाऱ्यांचा चहा गार करतो. हा मात्र घरातसुद्धा फारसा सांगितलेला नाही.

मी तेव्हा सोलापूर जिल्ह्यातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. दिवस उन्हाळ्याचे, ठाण्यातला पंखाही गरम वाफा सोडायचा. अशा एका दुपारी एका सोलर प्रकल्पाचा सुपरवायझर तक्रार घेऊन आला. कडक इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र. माळावर पॅनेलच्या लांबच लांब रांगा, आणि दिवसपाळीला एकच रखवालदार. दुपारी कामासाठी तिथे गेलेल्या वायरमनला दिसलं की तांब्याची केबल कापून नेली आहे आणि रखवालदाराचा पत्ता नाही.

"एवढ्या मोठ्या माळावर एकच माणूस ठेवता?" मी विचारलं.

"सर, रीतसर जोखीम तपासून ठेवलाय. एकट्या माणसाला काय काय होऊ शकतं, सगळ्याचा विचार केलाय. दर दोन तासांनी त्यानं ग्रुपवर स्वतःचा फोटो टाकायचा आणि खाली 'ऑल ओके' लिहायचं. फोटो चुकला की आम्ही धावलोच! आजवर एकही चुकलेला नाही."

"तुम्ही त्याला शेवटचं कधी पाहिलंत?"

"रोज पाहतो की, ग्रुपवर."

मोबाईलवर दहाचा फोटो होता, बाराचा होता. तिशीचा माणूस, तेल लावून भांग पाडलेला, मागे पॅनेल, चेहऱ्यावर हसू. प्रत्येक फोटोखाली ऑफिसातल्या मंडळींचे अंगठे.

तेवढ्यात मोडनिंबजवळ हायवेला टपरी असलेल्या आमच्या खबऱ्याचा फोन आला. "सायेब, सकाळी न्याहारीच्या टायमाला काळ्या केबलीनं भरल्याला टेंपो गेला बगा. ताडपत्री उडत हुती म्हून दिसलं."

म्हणजे केबल सकाळीच गेली, आणि हा पठ्ठ्या बारा वाजता 'ऑल ओके' म्हणतो! सामील असल्याशिवाय कोण असं म्हणेल? आम्ही फिर्याद लिहून घेत होतो, तोच सुपरवायझरचा मोबाईल वाजला. दोन वाजले होते. नवा फोटो आला होता. तेच हसू, 'ऑल ओके'.

ठाणे अंमलदाराने पेन खाली ठेवलं. "साहेब, चोर आपली टिंगल करतंय की!"

माझं रक्त उसळलं. घटनास्थळी दोन अंमलदार आधीच पाठवले होते. त्यांनी वायरलेसवर कळवलं, "साहेब, केबलीची कापलेली टोकं दिसत्यात. एक पत्र्याची खोली हाय, बाहेरून कुलूप हाय. फोडू का?"

"राहू दे," मी म्हणालो. "चावी त्याच्याच खिशात सापडेल."

मोबाईलचं लोकेशन करकंबच्या बाजूला, त्याच्याच गावात निघालं. घरात बायको आणि आईच असतात असं कळलं, आणि बाईमाणसाला चौकशीसाठी ठाण्यात आणता येत नाही, म्हणून महिला हवालदाराला घेऊन मीच त्याच्या घरी गेलो. दारात त्याची बायको उभी, आणि हातात तोच मोबाईल. आत भिंतीला टेकून त्याची म्हातारी आई बसलेली.

आता माझा चौकशीचा एक ठरलेला प्रयोग होता, आणि जिल्ह्यात तो नावाजलेला होता. आधी काहीच बोलायचं नाही. पाणी मागायचं. तांब्या सावकाश रिकामा करायचा, समोरच्याला घाम फुटू द्यायचा, आणि मग एकदम गरजायचं. त्या दिवशीही मी तो साग्रसंगीत केला.

"कुठं लपवलंस त्याला?"

"कामावर हायत की ते."

"फोन घरी आणि माणूस कामावर?"

"इसरून गेलं."

"विसरलेला फोन फोटो काढतो होय? तांबं कुणाला विकलं?"

ती घाबरली, पण तोंड उघडेना. मी आणखी चढलो. दोघांना बेड्या घालीन, म्हातारीला रस्त्यावर बसवीन, जे सुचेल ते बोललो. शेजारीपाजारी जमले, तसा माझा आवाज आणखी लागला. प्रेक्षक असले की मला चेव येतो. महिला हवालदार हळूच म्हणाली, "साहेब, जरा दमानं." मी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

शेवटचा घाव म्हणून मी मोबाईल म्हातारीच्या डोळ्यांसमोर धरला. "बघ म्हातारे, दोन वाजताचा तुझा लेक! कसा हसतोय बघ!"

म्हातारीने डोळे बारीक केले. "ह्यो आजचा न्हाय सायेबा. माज्या लेकाचं डोकं तुळतुळीत हाय. परवा चुलत्याच्या दहाव्याला केस काढल्यात की त्यानं."

त्या दिवशी ऑफिसातल्या इतक्या अंगठ्यांना जे दिसलं नव्हतं, ते मोतीबिंदूच्या डोळ्यांना दिसलं.

मग बायको बोलली. माळावर रेंजच नव्हती. सुरुवातीला फोटो चुकायचे, तेव्हा सुपरवायझरनेच तोड काढली होती: पाच-सहा शर्ट बदलून फोटो काढून ठेवा आणि घरून टाका, वरच्या साहेबांना दाखवायला लागतं. ठाण्यात माझ्यासमोर बसून हे त्याने दडवून ठेवलं होतं. तेव्हापासून स्वयंपाक-धुणं सांभाळून दर दोन तासांनी नवरा सुखरूप असल्याचं ती कळवायची. हे फुटलं तर नोकरी जाईल म्हणून ती तोंड उघडत नव्हती.

"ताई," मी म्हणालो. तोवर मी तिला 'ताई' म्हटलं नव्हतं. "सकाळपासून त्याच्याशी बोलणं झालंय का?"

"न्हाय." आणि मग तिच्या चेहऱ्यावर ते उमटत गेलं. "म्हंजे मी बारा वाजता ठीक हाय म्हून टाकलं, तवा ते कुटं हुतं?"

मला ते कुलूप आठवलं.

जीपमधूनच मी वायरलेसवर अंमलदारांना कुलूप फोडायला सांगितलं. आम्ही पोचलो तेव्हा त्यांनी त्याला पॅनेलच्या सावलीत आडवं केलं होतं. सकाळी चोर आले, हा एकटा आडवा गेला. त्यांनी बांधून त्याला पत्र्याच्या खोलीत कोंडलं आणि तिथलंच कुलूप लावून निघून गेले. वायरमन दारावरून गेला होता. माझी माणसं दाराशी उभी होती. आतला माणूस ओरडून ओरडून केव्हाच गप्प झाला होता. तुळतुळीत डोकं भाजल्यासारखं लाल झालं होतं आणि तो कुणालाच ओळखत नव्हता.

टेंपो आणि चोर पुढे बार्शीच्या बाजूला सापडले, मला शाबासकीही मिळाली. सुपरवायझर भेटायला आला आणि उत्साहाने म्हणाला, "सर, आता नियम कडक केलाय. दर तासाला फोटो!" त्याला हसावं की बडवावं, मला कळेना. मग वाटलं, आपण तरी काय वेगळं केलं? चोरी झालेल्या जागी माणूस सापडत नाही, तर आधी ती जागा धुंडाळायची, हा धडा शिपायालासुद्धा पाठ असतो. मी फोटोवर विश्वास ठेवून माणसाला चोर ठरवलं आणि तो आत तडफडत असताना बाहेर नाटक केलं. एकट्या माणसाचा धोका कागदावर कितीही मोजा. वेळ आली की कुणीतरी उठून त्याच्यापर्यंत जावं लागतं, दुसरा उपाय मला तरी सापडलेला नाही.

तो वाचला. सोलापूरच्या दवाखान्यात बरेच दिवस होता. माफी मागायची म्हणून मी गेलो, वाक्यं जुळवून गेलो होतो. त्याची बायको खाटेशेजारी जमिनीवर बसली होती. मला पाहताच ती उठली आणि हात जोडून म्हणाली, "सायेब, चूक माजीच. फोटू मीच टाकलं."

काहीतरी बोलायचं म्हणून मी दारातूनच विचारलं, "आता कसा आहे?"

तो झोपला होता. तिने लगेच उत्तर दिलं नाही. ती खाटेपाशी गेली, वाकली, त्याच्या छातीवर तळवा ठेवून थांबली. मग माझ्याकडे वळली.

"हाय," ती म्हणाली.

मी चपला काढून आत गेलो.