काकांनी उलटून पाहिलेली वही

जगातली कुठलीही वस्तू सरळ बाजूनं खरी असते, यावर आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांचा कधीच विश्वास बसला नाही. चादरीच्या कारखान्यात माल तपासण्यात त्यांची हयात गेली. दिवसभर चादर उलटायची आणि मागचा तुटका धागा पकडायचा. नोकरी संपली, पण हाताची खोड गेली नाही. सात रस्ता चौकातल्या दुकानात शेंगाचटणीचं पाकीट ते आधी पालथं करत. लग्नपत्रिका मागून वाचत. शेजारच्या ताईला बघायला पाहुणे आले, तेव्हा काकांनी दारातली नवऱ्या मुलाची चप्पल उलटी केली आणि ताईच्या वडिलांच्या कानात कुजबुजले, "टाच झिजलीच न्हाय की ओ. हे पोरगं कामाला जातंय कुटं?" चप्पल आदल्याच दिवशी घेतलेली होती. लग्न झालं, पण ते जावई अजून चप्पल पिशवीत घालून घरात नेतात.

माझ्यावर त्यांचा संशय बारावीच्या वर्षी बसला. मी गणिताची चौकटीची वही घेऊन जिन्यात बसे आणि पावलं वाजली की ती मिटे. काकांच्या मते हे सरळसरळ प्रेमप्रकरण होतं.

"काय लपवायलीस गं?"

"काही नाही, काका."

"काई न्हाय म्हन्नाऱ्याकडंच लई असतंय."

दूधवाल्याकडेसुद्धा ते माझी चौकशी करत. मला त्यांचा मनस्वी राग येई.

निकाल लागला. बाबांनी इंजिनिअरिंग ठरवून टाकलं होतं. मला काय व्हायचंय हे त्यांनी विचारलं नव्हतं, आणि मीही स्वतःला कधी विचारलं नव्हतं. कागदपत्रं त्याच वहीत ठेवून आम्ही फॉर्म भरायला निघालो, तर काका जिन्यात आडवे. "फॉर्म भरा की, पर आदी पोरीची वही बघा," म्हणत त्यांनी ती माझ्या हातातून ओढलीच आणि सवयीनं उलटी केली.

चिठ्ठी नव्हती. शेवटच्या पानापासून चौकटी भरभरून काढलेले मोर, कमळं, वेलबुट्ट्या. चादरीवर विणतात तशा. एका मोराच्या मानेवरची चौकटींची घरं काकांनी बोटानं मोजली.

"हितं दोन घरं चुकली," ते म्हणाले. मग बाबांकडे वळले. "फुडनं गणित हाय, चार पानं. मागनं समदी वही भरली हाय. कंची बाजू खरी, तुमीच सांगा."

"अभ्यास सोडून हे उद्योग!" बाबा कडाडले. मी मात्र वहीकडे बघत राहिले. इतकं सगळं मीच काढलं होतं आणि मलाच त्याचा पत्ता नव्हता.

"बाबा, मला हेच शिकायचंय," मी म्हणाले. घरात आठ दिवस अबोला होता, पण फॉर्म भरला तो नक्षीकामाच्या शिक्षणाचाच.

गेल्या वर्षी माझ्या नक्षीची पहिली चादर विणून आली. काका तेव्हा अंथरुणाला खिळले होते. ते काय काय काढतील या धास्तीनं मी दोन्ही बाजू दोनदा तपासून ती खाली नेली. त्यांनी मोराच्या मानेवरून सावकाश बोट फिरवलं आणि चादर तशीच छातीपर्यंत ओढून घेतली.

"उलटून बघा की, काका."

"ऱ्हाऊ दे. झ्याक हाय."

ते गेल्यावर काकूंनी ती चादर मला परत दिली. मोराच्या मानेत दोन घरं चुकली आहेत. मला तेव्हा ती दिसली नव्हती. काकांना दिसली नसतील, यावर माझा विश्वास नाही.