धोंड्याच्या महिन्यात आत्याबाई कुणाकडे होत्या?

आधीच सांगते, भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. या ग्रुपवरच्या पिंपळावरच्या हडळी वाचून मला हसूच येतं. आज मी बोलतेय आणि नात टाइप करतेय, तीही मधूनमधून माझ्याकडे बघून हसतेय... हसू दे. जे झालं ते भर दुपारी झालं आणि बघणाऱ्या आम्ही तिघी होतो.

माझं माहेर सेलू, सासर पेडगाव. मराठवाडा मुंबई राज्यात गेला त्या सुमाराची गोष्ट. घर माळवदाचं, म्हणजे वर मातीचं सपाट छत. सासरे वारल्यावर दोघा भावांचं पटेना. जमीन वाटली, बैल वाटले, शेवटी घराच्या मधोमध मातीची भिंत घातली. स्वयंपाकघराचेही दोन तुकडे झाले. एकीकडे थोरले दीर आणि जाऊबाई, दुसरीकडे आम्ही. भिंतीला दार नाही. पलीकडे जायचं तर गल्लीतून वळसा. माळवद तेवढं एकच राहिलं.

राहता राहिल्या सासूबाई. त्यांना आम्ही आत्याबाई म्हणायचो. पंचांनी ठरवलं — एक महिना थोरल्याकडे, एक धाकट्याकडे. अमावास्या झाली की पाळी बदलायची. त्यांना कुणी विचारलंच नाही. भिंतीचा गारा मळणाऱ्या गड्याकडे बघत त्या एवढंच म्हणाल्या, “मग मलाबी मदून चिरा की.”



पुढे दोन्ही घरांत अबोला. पाळी बदलली की आत्याबाई आपली वाकळ काखेत मारून वळसा घालून यायच्या आणि पाहुण्यासारख्या उंबऱ्याशी बसायच्या. ज्या घरात नवरी म्हणून आल्या, त्या घरात पाणीसुद्धा विचारून प्यायच्या हो! मला फार लागायचं ते.

त्या वर्षी अधिक श्रावण आला. आषाढ जाऊबाईंचा होता, म्हणून श्रावण आमचा. अमावास्या झाली, आत्याबाई आल्या, मी पाट मांडला. पण जाऊबाईंच्या मते धोंड्याचा महिना मोजायचाच नसतो. त्यात लग्न नाही, मुंज नाही, मग पाळी कसली बदलायची? त्यांनी आत्याबाईंना ठेवून घेतलं होतं. आता हे मला कसं कळणार? बोलत कोण होतं!

महिनाभर आत्याबाई माझ्याकडे जेवल्या. रोज दुपारी मी त्यांचे गुडघे तेलानं चोळायची. उजव्या गुडघ्यावरचा खोलगट वण अजून माझ्या बोटांना आठवतो. नवल एकाच गोष्टीचं वाटायचं... भाकरी अर्धीच खायच्या. “बास गं, भरलं पोट,” म्हणायच्या.

महिना सरत आला तशी देवगावला दिलेली नणंद, गंगाबाई, नवऱ्याला घेऊन आली. धोंड्याच्या महिन्यात जावयाला पुरणाचे धोंडे करून घालतात ना, त्यासाठी. आधी थोरल्याकडे गेली. मग वळसा घालून आमच्याकडे आली आणि स्वयंपाकघराच्या दारातच थबकली. आत्याबाई पाटावर जेवत होत्या.

“वैनी... माय हितं कशी?”

“हितं न्हाई तर कुटं? पाळी आमची हाय.”

“अवं, आत्ता पाया पडून आले मी. थोरल्या वैनीकडं जेवायलीय ती!”

मला वाटलं, जाऊबाईंनी हिचे कान भरले. तरातरा त्यांच्या दाराशी गेले. वाटणीनंतर पहिल्यांदाच तोंड उघडलं. “आत्याबाई महिनाभर आमच्याकडं हायत.”

“खुळी का काय तू? महिनाभर मी जेवू घालायलेय त्यायला!”

गंगाबाईनं आमचे हात धरले आणि शिडीनं माळवदावर नेलं. दोन्ही चुलींचा धूर जायला छताला एकेक भोक होतं. जाऊबाई माझ्या चुलीवरच्या भोकाशी वाकल्या, मी त्यांच्या.

खाली आत्याबाई जेवत होत्या. तीच वाकलेली पाठ, भाकरी मोडणारा तोच हात.

“हायत?” मी विचारलं.

“हायत,” जाऊबाई म्हणाल्या. “तिकडं?”

“हितंबी हायत.”

आम्ही जाऊबाईंच्या बाजूला उतरलो. जाऊबाई म्हणजे मोठी जिगरीची बाई. परसातली कुदळ आणली आणि घातली भिंतीवर. दोघे भाऊ ओरडत धावले, त्यांच्याकडे तिनं बघितलंसुद्धा नाही. पावसानं ओल धरलेली भिंत भसाभसा ढासळली. खिंडारातून माझं स्वयंपाकघर दिसलं. पाट होता, ताट होतं, ताटात अर्धी भाकरी होती. पाटावर कुणी नव्हतं.

मागून, जाऊबाईंच्या पाटावरून, आत्याबाई म्हणाल्या, “माजी अर्दी भाकर राह्यलीय बग तुज्याकडं. आन ती.”

मी खिंडारातून जाऊन आणली. त्या महिन्यात पहिल्यांदाच माझ्यासमोर त्यांनी पुरी भाकरी खाल्ली.

भिंत परत कुणी घातली नाही. मी खूप लॉजिक लावून पाहिलं, नाही लागत. जाऊबाई गेल्या, गंगाबाई गेली, विचारायला कुणी उरलं नाही. मी चोळले ते गुडघे कुणाचे होते, हे मला आजही माहीत नाही.

हे आत्ताच का सांगतेय? माझी दोन मुलं, एक परभणीत, एक पुण्यात. आई कुणाकडे किती दिवस राहणार, हे दोघं सध्या फोनवर ठरवतायत. मला अजून कुणी विचारलेलं नाही. नात आता हसायची थांबलीय, कारण परवापासून मला भाकरी अर्धीच जातेय, हे तिनंही बघितलंय.