दिवसा झोपता येईल असं घर

भाड्याचं घर बघायला जाताना कुणी मोजायची टेप नेतं, कुणी वास्तूतलं कळणारा नातेवाईक नेतं. मी चटई न्यायचे. भर दुपारी बेडरूमच्या रिकाम्या फरशीवर ती अंथरायची, ओढणी डोळ्यांवर ओढायची आणि निपचित पडून राहायचं. दलाल दारात उभा राहून घसा खाकरायचा. पहिल्या खेपेला त्याला वाटलं मला चक्कर आली. दुसऱ्या खेपेला म्हणाला, "दीदी, लोग फ्लॅट देखने आते हैं, सोने नहीं." मी ओढणी न काढताच त्याला गप्प राहायला सांगितलं.

मला काही वेड लागलं नव्हतं. नवऱ्याला भिलाईच्या एका खासगी कारखान्यात क्रेन चालवायची नोकरी लागली होती. शेडच्या छताखालून इकडून तिकडे धावणारी मोठी क्रेन, वर तिच्या केबिनमध्ये एकटा बसलेला तो आणि खाली काम करणारी माणसं. शिफ्ट ड्यूटी. तो वर्ध्याहून आधी आला, मी घर आवरून मागाहून. तोवर त्याने हुडको कॉलनीत एक खोली घेतली होती. खोली वाईट नव्हती, पण भिंतीला लागून कोचिंग क्लास आणि खिडकीखाली मोटारसायकलचं गॅरेज. नाइट करून आला की त्याचा डोळाच लागायचा नाही.

मी आले आणि त्याचा चेहरा बघून धस्स झालं. खूप खोदून विचारल्यावर म्हणाला, क्रेनला माल लटकत होता आणि त्याला डुलकी लागली. खालच्या माणसाने शिट्टी मारली म्हणून जाग आली. कुणाला काही झालं नाही. फोरमनने बाजूला घेऊन बजावलं, पुन्हा असं झालं तर केबिनमध्ये चढू देणार नाही.

"नोकरीचं जाऊ दे," तो म्हणाला. "खाली माणसं रायतात वं."

यानंतर मला ना बाल्कनी दिसत होती, ना मॉड्युलर किचन. मला दिवसाची झोप हवी होती. तळमजल्यावर भाजीवाले, भंगारवाले आणि कचऱ्याच्या गाडीचं गाणं, म्हणून उंच इमारत आणि शक्यतो वरचा मजला. दलाल बिचारा चांगला होता, पण त्याला प्रत्येक फ्लॅट 'एकदम शांत' वाटायचा. एक शांत फ्लॅट लग्नाच्या लॉनसमोर निघाला. एकाच्या डोक्यावर पाण्याच्या टाकीची मोटर होती. तिसऱ्या ठिकाणी घरमालकाने आधी आमच्या स्वयंपाकघराची चौकशी केली. मटण होतं का? मी म्हटलं, होतं, आणि चांगलं झणझणीत होतं. तिथे चटई उघडायची वेळच आली नाही. माझी जीभ जरा तिखटच आहे, पण तेव्हा तर रोज कुणाशी तरी वाजत होतं. घरी आल्यावर नवऱ्याचे लाल डोळे बघितले की सगळा ताव उतरायचा.

रिसाली भागातली ती इमारत आम्ही अशाच एका दुपारी बघितली. आठ मजली, फ्लॅट सातव्यावर. घरमालकीण वर आठव्यावर राहायची. चटई अंथरली, पडले. खरंच शांत होतं. पंखासुद्धा कुरकुरत नव्हता. मी मनातल्या मनात पलंग लावून मोकळी झाले होते, तेवढ्यात उशाच्या भिंतीतून एक बाई गोड आवाजात म्हणाली, कृपया दरवाज़ा बंद कीजिए. मग पुन्हा. मग पुन्हा. बेडरूमची भिंत लिफ्टला लागून होती आणि शाळेतून आलेली पोरं लिफ्टचं दार धरून उभी होती.

मी उठलेच नाही. ओढणीखाली डोळे भरून आले होते आणि ते दलालाला दाखवायचे नव्हते. तो कुणाची तरी माफी मागत असल्याचं ऐकू आलं. दीदी जरा ऐसी ही हैं, वगैरे. बघते तर दारात सत्तरीच्या एक बाई उभ्या, हातात किल्ल्यांचा जुडगा. घरमालकीण. आता झालं, म्हणून मी गडबडीने चटई गुंडाळायला लागले.

त्या हसल्या नाहीत. मला वरपासून खालपर्यंत बघून त्यांनी एवढंच विचारलं, "नाइट शिफ्ट हाय का घरी?"

इतक्या दिवसांत हे कुणी विचारलं नव्हतं. मी मान हलवली आणि मग सगळंच सांगून टाकलं, डुलकीसुद्धा. घरमालकिणीला असलं काही सांगू नये, एवढं मलाही कळतं, पण त्यांची बोली ऐकली आणि मी वाहतच गेले. काकू आमच्याकडच्याच, यवतमाळच्या बाजूच्या. त्यांचा नवरा इथल्या सरकारी स्टील प्लांटमध्ये होता. सगळा संसार प्लांटच्याच सेक्टर दोनमधल्या क्वार्टरमध्ये झालेला. त्यांच्या ओळीत ज्याच्या घरी नाइट असेल तो फाटकाला एक फडकं बांधायचा, असं त्या सांगत होत्या. फडकं दिसलं की दूधवाला हाक मारायचा नाही, शेजारणी पाट्यावरचं वाटण संध्याकाळवर ढकलायच्या. कुणाला तोंडाने सांगावं लागायचं नाही.

"इथं कावून झोपून पायलं तू?" त्यांनी बेडरूमकडे हात केला.

"बेडरूम आहे म्हणून."

"थे बिल्डरनं ठरवलं. झोपनाऱ्यानं नाही."

त्या मला स्वयंपाकघरापलीकडच्या लहानशा खोलीत घेऊन गेल्या. मी ती कोठीची खोली समजून बघितलीच नव्हती. एकच खिडकी, तीही मागच्या मोकळ्या जागेकडे. लिफ्ट घराच्या दुसऱ्या टोकाला. क्वार्टरमध्येसुद्धा त्यांचा नवरा आयुष्यभर अशाच खोलीत झोपला. बायकोने मात्र तो यायच्या आत फोडण्या आटपायच्या, एवढं एक पथ्य. "आता इथं पाय," म्हणाल्या आणि दार ओढून घेतलं.

मी पडले. लिफ्टवाल्या बाईची वाट बघत राहिले. ती आली नाही. आणखी थोडी वाट बघू म्हणाले आणि तिथेच गाढ झोपले. बाहेर आले तर उन्हं उतरली होती. दलालाचा पत्ता नव्हता. काकू हॉलच्या खिडकीत बसल्या होत्या. त्याचा मोबाइल सारखा वाजत होता, म्हणून त्यांनीच त्याला पाठवून दिलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

भाड्याचं बोलणं दोन वाक्यांत आटोपलं. मग मी भीतभीत विचारलं, वरून काही आवाज येत नाही ना?

"आमचे हे जाऊन दोन वर्सं झाली," म्हणाल्या. "मी अजून सकाळी मिक्सर लावत नाही. हातच होत नाही."

मी चटई उचलली आणि त्यांच्या पाया पडले.

आठवड्याच्या आत सामान आलं. पहिल्या नाइटनंतर तो सकाळी आला, जेवला, त्या खोलीत गेला. मी हॉलमध्ये न उघडलेल्या खोक्यांमध्ये बसून राहिले. टेप फाडायचीसुद्धा हिंमत होईना. आता येईल बाहेर, मग येईल, डोळे चोळत, चिडत. लिफ्ट वरखाली होत होती, पोरं शाळेतून आली, ती बाई आपलं दाराचं सांगत राहिली. आतलं दार उघडलं नाही. वर काकू घरातच होत्या हे मला माहीत होतं, पण छतावर पाऊलसुद्धा वाजलं नाही.

तो उठून आला तेव्हा खिडकीत संध्याकाळ होती. गालावर उशीचे वळ, केस उभे. बाहेर बघितलं आणि माझ्यावरच खेकसला, "एवढा उशीर झाला, कावून उठवलं नाही मले?"

एरवी मी उलट दिलं असतं. त्या दिवशी मात्र मी त्या खोक्यांमध्ये बसून मोठमोठ्याने रडले, कारण आता आवाज करायला हरकत नव्हती.