कूलरची जागा

छताचा मध्य फिटर जमिनीवर काढत असे. खोलीच्या एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यापर्यंत एक दोरा, उरलेल्या दोन कोपऱ्यांतून दुसरा, आणि ते जिथे एकमेकांना छेदतात तिथे खडूची फुली. मग शिडीवर चढून ओळंबा सोडायचा आणि तो फुलीवर स्थिरावला की छताला पेन्सिल टेकवायची. प्रकाशाची रेघ टाकणारे यंत्र त्याच्या पेटीत होते, पण त्याचा भरवसा दोऱ्यावर होता. या पद्धतीची अट एकच: जमीन मोकळी हवी. म्हणून वृद्धाश्रमातल्या पुरुषांच्या त्या लांबट दालनात त्याने सकाळी आल्या आल्या सगळ्या खाटा व्हरांड्यात काढायला लावल्या. आत उरला तो कपाटाएवढा लोखंडी कूलर. लांब भिंतीच्या मधोमध, खिडकीला खेटून तो उभा होता आणि फिटरचा त्याच्यावर डोळा होता.

त्यामागे कारण होते. छतात एसी बसवायचे काम पाहायला तो प्रथम आला तेव्हा व्यवस्थापक बाईंना त्याने सहज विचारल्यासारखे विचारले होते, "हा कूलर मग कुठे जाणार?"

"भंगारात. आणखी कुठे?"

"म्हणजे इथे एक खाट मावेल."

बाईंनी चष्मा कपाळावर सरकवून त्याच्याकडे नीट पाहिले. "कुणासाठी विचारताय?"

"वडील आहेत."

बाईंचा चष्मा पुन्हा नाकावर आला. "एसी चालू होईपर्यंत जागा धरून ठेवते. पण त्या दिवशी जाताना हो की नाही ते सांगून जायचं. माझ्याकडे माणसं ताटकळत बसलीत."

फिटरच्या वडिलांना घरात सगळे आप्पा म्हणत. आयुष्यभर ते एका छापखान्यात कागद कापण्याच्या यंत्रावर होते. छापखाना केव्हाच बंद पडला. त्या आवारात आता मोटारी धुतल्या जात. पण अलीकडे आप्पांच्या लेखी तो पुन्हा सुरू झाला होता. दार उघडे दिसले की पायात चपला सरकवून ते कामावर निघत. पहिल्या दोन वेळा तिथल्या फाटकाशीच सापडले. उशीर झाला, आत सोडा, अशी पहारेकऱ्याची विनवणी करत उभे होते. त्यानंतर एकदा मात्र ते हमरस्त्याच्या मधोमध सापडले, दोन्हीकडून गाड्या जात असताना. तेव्हापासून घरात कुणाचा डोळ्याला डोळा लागत नव्हता. फिटरची बायको कपड्यांच्या कारखान्यात तपासणीच्या कामावर होती. ते सोडून ती घरी बसली. वृद्धाश्रमाची गोष्ट त्याने काढली तेव्हा ती म्हणाली होती, "तुम्ही ठरवा. मी ठरवलं तर सुनेनं सासऱ्याला घालवलं म्हणतील, आणि नाही म्हटलं तर मी जाईन, सासऱ्याच्या आधी." हे ती रागाने म्हणाली की थकून, हे फिटरला अजूनही नक्की सांगता येत नाही. एसी बसवायचा होता त्या सकाळी तिने माळ्यावरची कपड्यांची पिशवी खाली काढून झटकली, एवढे त्याने पाहिले आणि तो निघाला.

बरोबर मेव्हणा होता. बायकोचा हा धाकटा भाऊ गेली काही वर्षे त्याचा जोडीदार होता आणि त्याच्या तोंडाला कुलूप म्हणून नव्हते.

"दाजी, तुम्ही इतके गप्प आहात की मला वाटलं ड्रिल बंद पडलं."

"धर शिडी."

"धरलीय. पण बोला काहीतरी. ताईशी भांडण?"

"वर बघू नकोस, डोळ्यांत जाईल."

स्लॅबला चार भोके पाडायची होती. सिमेंटची पिठी फिटरच्या भुवयांवर, मानेच्या घडीत, सदऱ्याच्या आत उतरत गेली. हात वर करून काम करणाऱ्याला आपले वय आधी खांद्यांत कळते. तिसऱ्या भोकाला त्याने ड्रिल खाली घेतले, दंड चोळला आणि थोडा वेळ शिडीवरच कपाळ टेकून उभा राहिला. मेव्हण्याने ते पाहिले आणि एकदाचा गप्प बसला. भोकांत अँकर ठोकून चार आट्यांचे रॉड लोंबते सोडले. मग दोघांनी दोन बाजूंनी यंत्र खांद्यावर घेतले, एकेक पायरी तोलत वर नेले आणि रॉडांत अडकवून नट फिरवले. छतात बसणाऱ्या या चौकोनी एसीला त्यांच्या धंद्यात कॅसेट म्हणतात. त्याला चारी अंगांना चार तोंडे असतात आणि प्रत्येक तोंडातून एका दिशेला हवा जाते. ती समपातळीत टांगली नाही तर आतले पाणी खालच्या माणसाच्या डोक्यावर येते. फिटरने लेव्हल चारी कडांना लावून पाहिली, एक नट किंचित सैल केला, पुन्हा पाहिली.

दुपारी तांब्याच्या नळ्या जोडताना दारातून काठीचा आवाज आला. दालनातले एक म्हातारे, टेलरकाका. अंगात त्या उकाड्यातही पूर्ण बाह्यांचा सदरा, तोही स्वतः शिवलेला. कूलरच्या समोरच्या भिंतीशी एरवी असलेली खाट त्यांची.

"माप नीट घेतलंस ना रे बाबा?"

"घेतलं, काका."

"आम्ही म्हणायचो, दोनदा मोजावं, एकदा कापावं. छताला तर तू भगदाडच पाडलंस. आता रफू करता येणार नाही."

"ते झाकायला पॅनेल येतं, काका," मेव्हणा खालून म्हणाला. "तुमच्या टकलावर टोपी येते तसं."

"टोपीला पैसे पडतात. टक्कल फुकट आहे." म्हातारा खूश होऊन निघून गेला आणि व्हरांड्यात हा विनोद त्याने प्रत्येक खाटेपाशी थांबून सांगितलेला ऐकू आला.

उन्हे उतरण्याच्या सुमारास पाण्याची चाचणी झाली, नळ्यांची झाली, पॅनेल बसले. कूलर चौघांनी रेटत बाहेर नेला. त्याच्या मागे भिंतीवर बुरशीचा आणि फरशीवर गंजाचा चौकोन उरला. त्यावर बाईंनी एक खाट आणून टाकली, गादी घातली, उशी ठेवली. बाकीच्या खाटा आपापल्या जागी आल्या. फिटरने बटण दाबले. चारी तोंडांच्या पट्ट्या हळूहळू उघडल्या आणि दालनात बसलेल्या म्हाताऱ्यांनी, नाटकाचा पडदा वर जावा तशा, टाळ्या वाजवल्या.

फिटरची शेवटची तपासणी अजून बाकी होती. एका काडीला पातळ कागदाची पट्टी बांधून तो खोलीभर फिरत असे. कागद कुठे फडफडतो, कुठे लोंबतो, हे पाहत असे. टेलरकाकांच्या बाजूला भिंतीवर कपाटांची रांग होती. झोत त्यांच्यावर फुटून पांगत होता आणि खाटेपाशी कागद जेमतेम हलत होता. दोन्ही टोकांनाही ठीक. नव्या खाटेपाशी मात्र कागद ताठ झाला आणि सरळ खाली उशीकडे वळला. हवा कोऱ्या भिंतीवर आपटून, दुसरीकडे जायला वाट नसल्याने, तशीच खाली उतरत होती.

तो खाटेवर आडवा झाला. दिवसभरात त्याची पाठ प्रथमच टेकली होती, आणि आपण तपासणीसाठी निजलो आहोत हे क्षणभर तो विसरलाही. मग मानेशी गारठा आला. तिथून कानामागे, मग छातीवर. नुसता पंखा जोरात लागला तरी आप्पांना धाप लागे. पट्ट्यांची दिशा त्याने बदलून पाहिली. हवा भिंतीवर थोडी वर आपटली आणि खाली आली ती उशीवरच. पंखा मंद केला तर दालनाची दोन्ही टोके उकडत होती.

मध्य त्याने रिकाम्या खोलीचा काढला होता. दोरे बरोबर होते, ओळंबा बरोबर होता. खाटा त्यानेच बाहेर काढायला लावल्या होत्या, आणि ज्या खाटेचे माप पहिल्यांदा घ्यायला हवे होते ती त्यानेच मागून घेतली होती.

"खोक्यात काळी पट्टी असेल बघ," तो मेव्हण्याला म्हणाला. एखादे तोंड बंद करण्यासाठी कारखान्यातून अशी झाकणपट्टी येते. सहसा कुणी वापरत नाही. ती खोक्याबरोबर टाकली जाते. मेव्हण्याने थर्माकोलच्या ढिगातून ती उपसून काढली. फिटर चढला, नव्या खाटेच्या बाजूचे तोंड बंद करून उतरला. काडीवरचा कागद उशीपाशी लोंबत राहिला. त्याने सुस्कारा सोडला.

"अरे, इथं वादळ सुटलं की!" टेलरकाका खाटेवर उठून बसले होते. एका तोंडाची हवा उरलेल्या तिन्हींवर गेली होती, आणि समोरच्यावर सगळ्यांत जास्त. "मघाशी बरं होतं. वर काय केलंस तू?"

"एक बाजू बंद केली, काका. त्या खाटेवर झोत येत होता."

"त्या खाटेवर आहे कोण? रिकाम्या खाटेला सर्दी होते का?"

"येणार आहेत एक जण. त्यांची छाती नाजूक आहे."

"आणि आमच्या छातीत काय कापूस भरलाय?"

दालन हसले. टेलरकाकाही हसले आणि हसता हसताच म्हणाले, "येणारा तुझा कोण, म्हणून एवढी बडदास्त?"

"वडील."

हत्यारे गोळा करणारा मेव्हणा वाकल्या जागी थांबला. त्याला यातले काही माहीत नव्हते. टेलरकाकांनी एकदा नव्या खाटेकडे पाहिले, एकदा फिटरकडे. "असं होय," ते म्हणाले. "राहू दे मग पट्टी. मी भिंतीकडे तोंड करून निजेन." आणि ते खरोखरच भिंतीकडे वळून आडवे झाले, चादर कानापर्यंत ओढून. पाठीवरची चादर फुगत होती, बसत होती, पुन्हा फुगत होती.

फिटर बराच वेळ ती चादर पाहत उभा राहिला. मग त्याने शिडी पुन्हा उघडली, वर गेला आणि पट्टी काढून आणली.

दाराशी बाई उभ्या होत्या. "मग? उद्या आणताय ना त्यांना?"

"दुसरीकडची एखादी खाट..."

"सगळ्या भरल्यात. रिकामी होईल तेव्हा सांगीन."

"कधी होईल?"

"इथे खाट कशी रिकामी होते ते तुम्हाला ठाऊक आहे. मी तारीख कशी सांगू?"

फिटरने हातातल्या काळ्या पट्टीकडे पाहिले. "मग नाही आणत. ही खाट द्या कुणाला तरी. ज्याला उकडतं अशा माणसाला द्या."

टेम्पोत मेव्हणा पहिल्या चौकापर्यंत कसाबसा गप्प राहिला.

"ताईला माहीत होतं?"

"होतं."

"मला सांगितलं असतं तर मी काय गावभर दवंडी पिटली असती?"

"पिटली असतीस."

मेव्हण्याने ते मान्य केल्यासारखी मान हलवली. "आता तिला काय सांगणार?"

"खाटेवर झोत पडतो."

"हेच खरं कारण का, दाजी?"

"झोत पडतोच," फिटर म्हणाला आणि खिडकीला डोके टेकून त्याने डोळे मिटले. पुढे घरापर्यंत तो बोलला नाही असे मेव्हणा सांगतो. झोपलाही नव्हता, असेही.

घरी पिशवी दाराजवळ भरून ठेवलेली होती. वर आप्पांची दाढीची डबी. आप्पा आतल्या खोलीत रेडिओ लावून बसले होते. बायकोने दार उघडले, त्याच्या केसांतली पांढरी पिठी पाहिली आणि पाण्याचा तांब्या आणला. उभ्यानेच पाणी पिऊन त्याने सांगून टाकले.

"अहो, पण बंद नसतं करता येत? एका बाजूचं?"

"केलं होतं."

"मग?"

"समोर दुसरा म्हातारा होता."

ती पिशवीपाशी खाली बसली. दाढीची डबी बाजूला ठेवून तिने एकेक सदरा बाहेर काढला, मांडीवर घेऊन पुन्हा घडी घातली, जणू प्रवासातून चुरगळून आला होता. शेवटच्या सदऱ्यापाशी तिचे हात थांबले.

"मग दाराला वरची कडी बसवा," ती म्हणाली. "त्यांचा हात पोचणार नाही अशी. आत्ता. जेवायच्या आधी. मला उद्यापासून कामावर जायचंय की नाही ते मी नंतर बघते, पण आज मला झोपायचंय."

"उद्या सकाळी बसवतो. हात वर होत नाहीत गं."

"आत्ता."

तिच्या आवाजात चढ नव्हता, म्हणूनच पुढे बोलण्यात अर्थ नव्हता. त्याने पेटी उघडली. मागे कधीतरी आणून ठेवलेली पितळी कडी सापडली. स्वयंपाकघरातले स्टूल त्याने दारापाशी ओढले. त्याचा एक पाय आखूड होता. तो चढला, दोन्ही हात डोक्यावर नेऊन ड्रिल सुरू केले, आणि खांद्यांतून अशी कळ गेली की स्टूल डुगडुगले.

ते एकाएकी स्थिर झाले. आप्पा ड्रिलच्या आवाजाने बाहेर आले होते. ते खाली उकिडवे बसले होते, स्टुलाचा आखूड पाय दोन्ही हातांनी दाबून.

"बिनधास्त काम कर," ते वर पाहत म्हणाले. "मी धरलंय."

भुसा खाली उडत होता. "आप्पा," फिटर म्हणाला, "वर बघू नका. डोळ्यांत जाईल."