बाळंतिणीच्या खोलीतलं गणित

समतोल स्थिरांकाची गणितं मला अकरावीपासून नकोशी वाटायची. तशी रीत सोपी असते. अभिक्रियेत जे तयार झालं त्याचं प्रमाण वर मांडायचं, जे उरलं त्याचं खाली, घातांक द्यायचे आणि भागायचं. दोन पदार्थ जुळत असतील आणि आकडा मोठा आला, तर समजायचं की ते एकमेकांना घट्ट धरून आहेत. लहान आला तर लवकर सुटतील. चिखलीच्या कॉलेजात आमचे सर हे फळ्यावर भराभर करायचे आणि मधेच वळून कुणाकडे तरी खडू रोखायचे. तो आपल्याकडे वळेल या धास्तीनं मी वहीत मान घालून बसायची. पुढे रसायनशास्त्रातच एम.एस्सी.ला गेले, तरी पेपरात हा प्रश्न दिसला की मी तो सगळ्यात शेवटी ठेवायची.

त्या हिवाळ्यात ताई पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. आमचं गाव चिखली-मेहकर रस्त्यापासून जरा आत आहे. मुलगी झाली होती, आठवडाभराची होती, आणि मी अभ्यासाच्या सुट्टीत घरी आले होते. बाळंतिणीचं सगळं आत्या बघत होती. वडिलांची ही थोरली बहीण. गावातल्या कितीतरी बाळंतिणींचं तिनं केलं होतं आणि तिच्या शब्दापुढे आईसुद्धा जात नसे. ताईच्या बाजेखाली कोळशाची शेगडी, तिच्यावर चिमूटभर ओवा आणि बाळंतशोपा, हे आमच्याकडे पहिल्यापासून चालत आलेलं. आईलाही तसाच शेक मिळाला होता, तिच्या आईलाही.

फक्त घर बदललं होतं. आधी वर टिनं होती, भिंत आणि टिनांच्या मधून हात जाईल एवढी फट. आता स्लॅब पडला होता आणि सरकत्या काचांच्या खिडक्या बसल्या होत्या. थंडी वाढली तशी आत्यानं झरोक्यात पोतं कोंबलं, दाराच्या खालच्या फटीला गोधडी लावली. शेगडी आधी सकाळ-संध्याकाळ असायची, ती दिवसभर राहू लागली. कोळसे लाल फुललेले असायचे. धूर नसायचा, त्यामुळे कुणाला काही वाटायचं कारणच नव्हतं. मलाही वाटलं नाही.

एका दुपारी मी ओट्यावर उन्हात बसून गणितं सोडवत होते. एक गणित रक्ताचं होतं. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनला धरतं, तसंच कार्बन मोनॉक्साइडलाही धरतं, पण ऑक्सिजनच्या दोनशेपटीहून जास्त घट्ट. हवेच्या हजार भागांत या वायूचा एकच भाग असेल, तर समतोल झाल्यावर रक्तात दोघांचं प्रमाण काय? मी मांडलं. एवढ्याशा वायूला त्या मोठ्या आकड्यानं गुणलं, हवेतल्या ऑक्सिजनच्या हिश्शानं भागलं. उत्तर आलं एक. म्हणजे निम्मं निम्मं. अर्धं रक्त कामातून गेलेलं. उत्तर इतकं नीट आलं म्हणून मला बरं वाटलं. मी खाली दोन रेघा ओढल्या.

तेवढ्यात आत्या आतून बाहेर आली आणि आईला हाक मारून म्हणाली, "वो, तिचं डोकं लय दुखून राह्यलं. सकाळी ओकारीबी झाली. गारठा भरला अंगात. अजून कोळसे टाक शेगडीत."

आई घमेल्यात कोळसे घेऊन निघाली. मी खालच्या दोन रेघांकडे पाहत होते. कोळसा, बंद खोली, डोकेदुखी, ओकारी. उठावं असं वाटत होतं आणि उठवत नव्हतं. मला दोन्हीकडून भीती वाटत होती. माझं म्हणणं खोटं ठरलं तर ओली बाळंतीण आणि एवढंसं बाळ मी गारठ्यात काढणार होते. खरं असेल तर मी इथे बसून होते तो प्रत्येक क्षण वाया जात होता.

मी खोलीत गेले. ऊबदार हवा तोंडावर आली, ओव्याचा वास आला. ताई डोक्याला फडकं बांधून भिंतीला टेकली होती. गाल गुलाबी, अगदी तब्येत सुधारल्यासारखे.

"ताई, पोरीनं दूध घेतलं का?"

"नाई वो," ती डोळे न उघडता म्हणाली. "सकायपासून झोपूनच हाये. मलेबी सारखी झोपच येऊन राह्यली."

मी बाळाचा हात उचलला आणि सोडला. तो कापडाच्या घडीसारखा खाली पडला.

मी खिडकीची काच सरकवली. आत्या दारातून ओरडली, "काय करून राह्यली तू? वारं लागीन तिले! काऊन उघडली खिडकी?"

"आत्या, या कोळशातून विषारी वायू निघतो. दिसत नाही, वासही येत नाही."

"एवढ्या बाळंतिणींचं केलं म्या. एकीले तरी विष झालं का?"

मी बाळाला उचललं, दुपट्यात गुंडाळलं आणि आत्याच्या अंगावरून तशीच अंगणात गेले. आयुष्यात आत्याला मी पहिल्यांदाच धक्का मारला. ती मागून मोठमोठ्यानं बोलत होती. आई घमेलं हातात धरून दोघींच्या मधे उभी राहिली. ताई बाळाच्या काळजीनं बाजेवरून उठली, उंबऱ्यापर्यंत आली आणि तिचे पाय गळाले. ती तिथेच मटकन खाली बसली.

आईच्या हातातलं घमेलं पडलं. शेजाऱ्यांची जीप त्यांच्या दारात उभी होती. आत्याच पळत गेली आणि शेजाऱ्याला जीपसकट घेऊन आली.

चिखलीच्या रस्त्यानं जाताना मी काचा खाली ठेवायला लावल्या. आईनं दोघींवर चादर धरली होती. बाळ माझ्या मांडीवर होतं आणि मी सारखं त्याच्या नाकाशी बोट नेत होते. डोक्यात तोच भागाकार फिरत होता. समतोल म्हणजे सगळं थांबलेलं नसतं. जुळणं आणि सुटणं चालूच असतं. चांगली हवा मिळत राहिली तर तो वायू हळूहळू सुटतो, नुसता ऑक्सिजन मिळाला तर लवकर सुटतो. हे मी स्वतःला सांगत होते. मग एकाएकी आठवलं की पुस्तकातला आकडा मोठ्या माणसाच्या रक्ताचा होता. नवजात बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं. त्याचा स्थिरांक किती, हे मला माहीत नव्हतं. मी अख्खा रस्ता ते न शिकलेलं आठवायचा प्रयत्न करत राहिले.

दवाखान्यात नर्सनं ताईच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला. "अठ्ठ्याण्णव," ती म्हणाली. "चांगला आहे की. अशक्तपणा असेल."

आईनं हात जोडले. आत्या खाली बसली. मला मात्र ते पटेना, कारण तो चिमटा रक्ताचा रंग बघतो, आणि हा वायू धरलेलं रक्तही लालच दिसतं. पण मी कोण होते? परीक्षेत याच धड्याला घाबरणारी एक विद्यार्थिनी.

डॉक्टर बाई आल्या तेव्हा मी उभी राहिले. "मॅडम, खोली बंद होती. बाजेखाली दिवसभर कोळशाची शेगडी होती."

त्यांनी चिमट्याकडे पाहिलं, मग ताईच्या गालांकडे. "झरोका?"

"पोतं कोंबलं होतं."

"मग हा आकडा धरायचा नाही," त्या नर्सला म्हणाल्या. "दोघींना ऑक्सिजन लावा. आत्ता. बाळाला आधी."

ताईच्या तोंडावर मास्क आला, बाळाच्या डोक्याभोवती पारदर्शक टोपासारखं काहीतरी. सिलिंडर फुसफुसत होता. आम्ही तिघी बाकावर बसलो. ताई मधून मधून डोळे उघडून पोरीकडे बघायची. बाळ मात्र हलत नव्हतं. ऊन खिडकीतून सरकत भिंतीवर चढलं. आत्यानं पदर तोंडात धरला होता. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "माह्या हातानं झालं असतं का वो हे?"

मी तिचा हात धरला. तोही माझ्या हातासारखाच गार होता.

संध्याकाळी बाळानं आधी एक पाय आखडला. मग तोंड वाकडं केलं. मग ते रडलं, चिरक्या आवाजात, दवाखाना हलेल असं. नर्स हसली. आई रडायला लागली.

तीन-चार दिवसांनी दोघी घरी आल्या. पण डॉक्टर बाईंनी निघताना मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की असा वायू मेंदूला लागलेला कधी कधी नंतर कळतो, पोरीवर लक्ष ठेवा. हे मी घरात कुणाला सांगितलं नाही. मी एकटीच बघत राहिले. ती दिव्याकडे बघते का, मूठ आवळते का, दोन्ही पाय सारखे हलवते का. ताई एखादी वस्तू ठेवून विसरली की तेही मी मनात टिपून ठेवायची. परीक्षा देऊन परत आले तेव्हाही घरात शिरताच आधी पोरीजवळ गेले.

पोर तीन महिन्यांची झाली तेव्हा आई आणि मी तिला तपासणीला घेऊन गेलो. डॉक्टर बाईंनी तिच्या मागून, तिला दिसणार नाही असा, एक खुळखुळा वाजवला. पोरीनं मान वळवली. दुसऱ्या बाजूला वाजवला, तिकडेही वळवली. मग त्यांनी बोट पुढे केलं आणि तिनं ते गच्च धरलं, सोडेचना.

"ठीक आहे ही," डॉक्टर बाई म्हणाल्या.

मी हो म्हटलं, पोरीला आईकडे दिलं आणि बाहेर नळावर जाऊन तोंड धुतलं. पाणी बर्फासारखं गार होतं. तरी मी तिथेच उभी राहून पुन्हा पुन्हा धूत राहिले.